मुलाचे लसीचे काही डोस राहून गेले आणि आता तो शाळेत जायला लागलाय. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

नाही. जिथे थांबलात तिथूनच पुढे सुरू करायचं. दोन डोसांमध्ये ठरल्यापेक्षा जास्त काळ गेला म्हणून आधीचा डोस वाया जात नाही. शरीराची प्रतिकारशक्ती तो लक्षात ठेवते. गडबड होते ती उलट, डोस फार लवकर दिला तर. गोवराच्या दोन डोसांमध्ये निदान 4 आठवडे हवेतच.

काही लसींना मात्र वयाची अट असते. रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूवरची) लस तान्ह्या बाळांसाठी असते, ती आता राहिली तर राहिली. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांची लस साधारण सातव्या वर्षानंतर वेगळ्या प्रकारची देतात. त्यामुळे नेमकं काय राहिलंय हे सरकारी आरोग्य केंद्रातल्या नर्सकडूनच ठरवून घ्या.

कार्ड हरवलं असेल तरी जाच, कृपा करून संकोचाने थांबू नका. नोंद सापडली नाही तर बहुतेक लसी पुन्हा देता येतात, त्यात धोका नसतो. एका दिवशी दोन-तीन सुया टोचल्या तरी चालतं. साधी सर्दी हेही लस पुढे ढकलायचं कारण नव्हे.

आणि गेलाच आहात तर उंची-वजन, नजर, ऐकणं हेही तपासायला सांगा. वर्गात लक्ष नाही म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला कधी कधी फळ्यावरचं दिसतच नसतं.