108 मेगापिक्सेल असूनही फ्लेमिंगो ठिपकाच?

प्रश्न : माझ्याकडे 108 मेगापिक्सेलचा फोन आहे. नातीच्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून फोटो काढले तर सगळे हललेले, भिगवणला गेलो तर फ्लेमिंगोंचे नुसते पांढरे ठिपके. मुलगा म्हणतो याहून भारी फोन घ्या, मिसेस म्हणते एकदाचा कॅमेराच घ्या. बजेट 50 हजार. ऑनलाइन सात-आठ हजाराचे छोटे डिजिटल कॅमेरे दिसतात, ते चालतील का? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : काका, काकूंचं ऐका. पण आधी तो 108 चा आकडा डोक्यातून काढा. असे फोन एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि बरोबरच आहे ते, एवढ्याशा सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) एकेका पिक्सेलच्या वाट्याला उजेड येणार किती! खरी गोची झूमला होते. लांबचं जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर 10 एक्स झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, सेन्सरचा शंभरावा भाग कामाला येतो म्हणजे 108 चे उरले जेमतेम 1 मेगापिक्सेल, बाकीचं सॉफ्टवेअर अंदाजपंचे रंगवतं. ठिपके आले ते असे.

गॅदरिंगचं दुखणं वेगळं. कमी उजेडात फोन पटापट बरेच फोटो घेऊन एकावर एक बसवतो, त्यामुळे देवळातली दीपमाळ झकास येते, पण कोळीगीतावर नाचणारी नात दर फोटोत हात भलतीकडे नेणार, मग फोन तरी काय करणार.

ते सात-आठ हजारवाले कॅमेरे अजिबात नको, त्यांचा सेन्सर बहुतेकदा तुमच्या फोनपेक्षाही लहान असतो. निकॉन पी 900 सारखे सुपरझूम वेगळे, त्यात 83 पट ऑप्टिकल म्हणजे लेन्सनेच होणारा खरा झूम आहे, भिगवणच्या उन्हात पक्षी मस्त मिळतील, पण सेन्सर तोच छोटा, 6 बाय 4.5 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हॉलमध्ये पुन्हा रडगाणं.

तुमची दोन्ही कामं बघता मी तरी सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेईन, साधारण 22 बाय 15 मिलिमीटरच्या मोठ्या, एपीएस-सी नावाच्या सेन्सरवाला आणि सोबत 55-250 मिलिमीटरची झूम लेन्स, 50 हजारात आरामात बसेल. दुकानदार 18-55 ची किट लेन्स गळ्यात मारेल, घरगुती फोटोंना ती ठीक, फ्लेमिंगोला काही उपयोग नाही. लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, किती का स्वस्त असेना, सोडून द्या. बॉडीचा शटर काउंटही, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा.

गॅदरिंगला शटर 1/250 सेकंदावर ठेवा, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर. फोटोत थोडे बारीक दाणे दिसतील, दिसू देत, चेहरा तर हलणार नाही ना. एलईडी लाइटमुळे आडवे पट्टे आले तर 1/100 वर या, आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने तिथे पट्टे बहुतेक जातात, मात्र मग पोरं पोझ देऊन थांबतील तेव्हाच क्लिक करायचं. भिगवणला होडी डुलत असते त्यामुळे 1/1000 च्या खाली नको आणि उडते पक्षी हवे असतील तर 1/2000. फक्त नावाड्याला थवा उडवायला सांगू नका, हल्ली फोटोपायी सर्रास चालतं ते, चीड येते.

आणि आहे तो फोन विकू नका. पूर्ण डान्सचा व्हिडिओ, जेवणाच्या पंगती, ग्रुप फोटो आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं असेल ते सगळं त्याच्यावरच करा, गळ्यात कॅमेरा अडकवून पंगतीत वाढता येत नाही. कॅमेरा पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, कपाटात कपड्यांखाली नको.