जुन्या इंग्रजी सॅम्पलरवरच्या (भरतकामाच्या सरावासाठी टाके घातलेल्या कापडावरच्या) मुळाक्षरांत जे आणि यू का नसतात? भरणारी मुलगी विसरली असेल का?

नाही, विसरली नाही; तेव्हाच्या शिकवणीतली वर्णमालाच बहुधा २४ अक्षरांची असे. आय-जे ही एकाच अक्षराची आणि यू-व्ही दुसऱ्या एका अक्षराची रूपं मानली जात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉकचा १५९८ सालचा सॅम्पलर आहे (साल भरलेल्या ब्रिटिश सॅम्पलरांत सर्वांत जुना ज्ञात), त्याच्याही वर्णमालेत ही दोन अक्षरं नाहीत. मुलींकडून अक्षरं-आकडे घोटून घेत, कारण पुढे घरातल्या चादरी-टॉवेलांवर खुणेसाठी फुलीच्या टाक्याने आद्याक्षरं घालावी लागत.

मात्र एवढ्यावरून वय ठरवू नका. बाई जुनाच नमुना समोर ठेवायच्या आणि मुली तोच उतरवायच्या, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कापडांवरही २४ अक्षरं सापडतात. भरलेल्या सालावरही डोळे झाकून विश्वास नको. मोठेपणी वय लपवायला काही जणींनी सालाचे शेवटचे आकडे चक्क उसवलेत! विकत घेणार असाल तर कापड उलटं करून सालाच्या जागी रिकामी सुईची भोकं दिसतात का पाहा. मागची बाजू फ्रेममध्ये झाकलेली असली तर विक्रेत्याला ती उघडायला सांगा.