कॅरेक्सची बाटली आणि न जुळणारी वंशावळ

प्रश्न : मॅडम, मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लव्हाळ्याच्या कुळातल्या कॅरेक्सच्या जाती मला भिंगाखालीही सारख्याच दिसतात. त्यांचं नातं डीएनएवरून ठरवतात म्हणे. मग एखादं जनुक वाचून काम भागत नाही का?

उत्तर : नाही भागत. आणि सारख्या दिसतात म्हणून खट्टू होऊ नकोस. जवळपास 2000 जाती आहेत, पाकळ्या एकीलाही नाहीत. मीही सुरुवातीला पानांवरून ओळखायला गेले आणि तोंडघशी पडले.

खरी खूण फळाशी. त्याभोवती इवलीशी पिशवी असते, निमुळत्या तोंडाच्या बाटलीसारखी. बाटली बंद असेल तर कॅरेक्स, एका अंगाने उकललेली असेल तर कोब्रेसिया ही वेगळी प्रजाती, असं आम्ही घोकलं होतं. डीएनएने ते मोडीत काढलं. कोब्रेसिया कॅरेक्सच्या वंशवृक्षातलीच एक फांदी निघाली आणि 2015 साली तिला कॅरेक्समध्ये घेतलं. नमुन्यांवर नव्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवताना मी मनातल्या मनात बरीच कुरकुर केली.

आता एका जनुकाचं. हरितलवकातलं (पेशीतल्या हिरव्या कणांतलं) मॅट-के हे जनुक तसं सावकाश बदलतं. दूरची नाती त्यावरून कळतात. पेशीच्या केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडा भराभर बदलतो, म्हणून सख्ख्या भावंडांतला फरक तो दाखवतो. पण हरितलवक बहुधा आईकडूनच येतं. पूर्वी कधी संकर झाला असेल तर मॅट-केवरून काढलेला वंशवृक्ष एक सांगतो आणि आयटीएसचा दुसरंच. अशा वेळी आधी नमुन्याच्या नळीवरचा नंबर तपास (अदलाबदल फार होते!). नंबर बरोबर असेल, तर ती विसंगती पुसू नकोस, तिच्यामागे लाग. आयटीएसच्या शेकडो प्रती हळूहळू एकसारख्या होतात आणि एका पालकाची खूण पार बुजून जाते, हेही ध्यानात ठेव. म्हणून हल्ली केंद्रकातली शेकडो जनुकं एकदम वाचतात.

गुणसूत्रं मोजून सुटका होईल असंही नाही. इथे गुणसूत्रबिंदू, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं तो भाग, एका जागी नसतो, लांबीभर पसरलेला असतो. त्यामुळे गुणसूत्र तुटलं तरी तुकडा हरवत नाही आणि आकडे जातीगणिक बदलतात.

एकदा मी घाईत नुसतं पान आणलं होतं. डीएनएचा सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) सुरेख आला, पण झाड कोणतं ते शेवटपर्यंत ठरलं नाही. तू पानाचा तुकडा सुकवायला सिलिका जेलमध्ये टाक, त्याच झुपक्यातलं पिकलेलं कणीस कागदात दाब आणि दोन्हींवर एकच नंबर घाल. पेन्सिलीने, शाई स्पिरिटने उडते.