स्पेनच्या व्हिसाआधीची कागदपत्रं

प्रिय,

मेल वाचला. वालेन्सियातली घरभाडी आणि को-वर्किंगचे दर तू शोधून काढलेस, छान. पण डिजिटल नोमॅड व्हिसाची (म्हणजे स्पेनमध्ये राहून बाहेरच्या कंपन्यांचं काम ऑनलाइन करण्याच्या परवान्याची) खरी तयारी पुण्यातच करायची आहे, आणि तिला वर्षभर लागेल असं धरून चाल.

हा व्हिसा स्पेनच्या 2022 च्या स्टार्टअप कायद्यातून आला. तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न दाखवावं लागतं. 2025 च्या हिशोबाने महिना साधारण 2,760 युरो. वेतन वाढलं की हा आकडाही वाढतो, त्यामुळे अगदी काठावर असताना अर्ज करू नये. तुझी कमाई त्यात बसते. ती सिद्ध कशी करणार, हा प्रश्न आहे. तुझ्या बँक स्टेटमेंटवर फक्त फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मचं नाव दिसतं, क्लायंटचं कुठेच नाही. व्हिसा देणाऱ्यांना मात्र किमान वर्षभर चालू असलेली क्लायंट कंपनी हवी, तिच्याशी तुझा निदान तीन महिन्यांचा व्यवहार हवा, आणि काम स्पेनमधून करायला हरकत नाही असं तिचं पत्र हवं. तेव्हा जुन्या दोन क्लायंटशी थेट करार कर. (प्लॅटफॉर्मच्या अटी आधी वाच, क्लायंट बाहेर नेण्याचे पैसे घेतात काही जण.)

दुसरी गोम रिटर्नमध्ये आहे. तू आयकराच्या 44एडीए कलमाखाली भरतेस, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवतेस. कर वाचतो खरा, पण फाइल बघणारा तोच आकडा तुझं उत्पन्न समजू शकतो. सीएकडून एकूण जमा स्पष्ट सांगणारं प्रमाणपत्र घे. इन्व्हॉइस, बँकेत आलेली रक्कम आणि रिटर्न यांचा मेळ बसलाच पाहिजे.

नावाचंही बघ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावांची सवय. तो बाबांचं नावही आडनावात धरू शकतो. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिही, आणि फरक असेल तिथे प्रतिज्ञापत्र जोड.

पदवीला आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का), आणि त्यानंतरच शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. हा क्रम उलटा केलास तर भाषांतराचे पैसे दुसऱ्यांदा जातील. पोलीस क्लिअरन्स मात्र शेवटी काढ, ते ताजं लागतं.

बार्सिलोनाच्या त्या स्टुडिओचं काम घेऊ का, असं विचारलंस. घे, पण स्पॅनिश ग्राहकांकडून येणारं काम एकूण कामाच्या 20 टक्क्यांपुढे जाऊ देऊ नकोस. आणि वर्षात 183 दिवसांहून जास्त तिथे राहिलीस की करासाठी स्पेनची रहिवासी ठरतेस. फ्रीलान्सर म्हणून सोशल सिक्युरिटीचा मासिक हप्ताही भरावा लागतो. भाड्याचं गणित मांडलंस, त्यात हे दोन्ही नव्हते.

‘शंभर टक्के व्हिसा’वाल्या एजंटाला भेटायलाही जाऊ नकोस. टूरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप लॅपटॉप उघडायचा सल्ला देणारे मित्र तुला भेटतीलच. त्यांच्यासोबत कॉफी पी आणि विषय बदल.

करारांचे मसुदे तयार झाले की पाठव. पैसे कोणत्या चलनात, कोणत्या तारखेला, ही कलमं मी स्वतः वाचून देईन.

तुझी,
ताई