आकांक्षी इंजिन, अल्पप्राण इंजिन की साधं इंजिन?

फोंड्याच्या एका टीचरनी विचारलंय. शाळेच्या अंकासाठी त्या छोट्या विमानांवर लेख लिहितायत, टर्बोवालं इंजिन घ्यावं की नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेलं, असा विषय आहे, आणि फोनमधल्या भाषांतरानं या दुसऱ्या शब्दाला "नैसर्गिकरीत्या आकांक्षी" असं दिलं, तर मराठीत लिहायचं काय?

टीचर, आकांक्षी इंजिन म्हटल्यावर मला यूपीएससीला बसलेलं इंजिनच दिसायला लागलं. ॲस्पिरेट हा शब्द लॅटिनमधनं आलाय, मूळ अर्थ फुंकणे, श्वास टाकणे, इच्छा-आकांक्षा वगैरे अर्थ त्याला नंतर चिकटले. इंजिनाच्या बाबतीत अर्थ फक्त हवा आत घेणं एवढाच. गंमत म्हणजे व्याकरणातही हाच शब्द आहे, ख घ ध भ या महाप्राणांना इंग्रजीत ॲस्पिरेटेड म्हणतात, म्हणजे त्या हिशेबानं टर्बो इंजिन महाप्राण आणि बिनटर्बोचं अल्पप्राण! मला हे भारी आवडलंय पण लेखात घालू नका, मुलं परीक्षेत लिहून येतील.

"नैसर्गिक श्वसनी" असाही शब्द कोणीतरी सुचवेल, तो मला पटत नाही, कारण मग टर्बो म्हंजे कृत्रिम श्वसन, व्हेंटिलेटरवरचा पेशंट. आणि खरं बघितलं तर साधं इंजिन श्वास "घेत" नाहीच. पिस्टन खाली जातो, आत दाब कमी होतो आणि बाहेरचं वातावरण हवा आत ढकलतं. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या २९.९२ इंच, १८,००० फुटांवर साधारण निम्मा, त्यामुळे दर हजार फुटांना ताकद अंदाजे ३ टक्के घटते. म्हंजे आपल्या दाबोळी विमानतळावर, जवळजवळ समुद्रसपाटीला, १८० हॉर्सपॉवर देणारं इंजिन लेहच्या विमानतळावर, जो १०,६०० फुटांच्या वर आहे, तिथे उभ्या उभ्याच सव्वाशेच्या आसपास येतं.

टर्बो यावर काय करतो, तर एक्झॉस्टच्या गरम वायूवर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. लॅटिनमध्ये टर्बो म्हणजे भोवराच. मुलांना सांगायचं तर लोहाराचा भाता, फक्त हलवायला माणूस नको, भट्टीचा धूरच तो हलवतो. तरी शब्द टर्बोच ठेवा, भोवराभारित वगैरे नको प्लीज.

पण एक फरक मात्र मराठीत आणाच, कारण घेणाऱ्याचा निम्मा निर्णय त्यावर असतो. टर्बो नॉर्मलाइज्ड इंजिनात टर्बो फक्त समुद्रसपाटीचा दाब उंचीवर टिकवून धरतो, आणि दुसऱ्या जातीत तो जमिनीवरच त्याच्याहून जास्त दाब देतो, पस्तीस-चाळीस इंचापर्यंत. मी पहिल्याला "दाब राखणारा टर्बो" आणि दुसऱ्याला "दाब चढवणारा टर्बो" म्हणेन. दुसऱ्यात उष्णता आणि ताण जास्त, म्हणून सहसा इंजिनाचं कॉम्प्रेशनच, म्हणजे पिस्टन आतली हवा किती दाबतो तेच, कमी ठेवावं लागतं. वजन, मेंटेनन्स, ओव्हरहॉलचा खर्च तर दोन्हीत वाढतोच, आणि उंचीवर जायचं तर माणसांना ऑक्सिजनही पाहिजे, विसरू नका, विमानाला महाप्राण केलं तरी पायलट अल्पप्राणच. गोव्याहून कोल्हापूरला जाणाऱ्याला टर्बो कशाला, घाट ओलांडायला साधं इंजिन पुष्कळ झालं.

इंजिनाच्या नावातही हे दिसतं. हल्लीच्या सेस्ना १८२ या छोट्या विमानाचं इंजिन लायकॉमिंग कंपनीचं आयओ-५४० आणि टर्बोवाल्या १८२ चं टीआयओ-५४०, तो टी टर्बोचा. कॉन्टिनेंटल कंपनी मात्र टीएसआयओ लिहिते, कारण पूर्वी पूर्ण नाव टर्बोसुपरचार्जर होतं, तो एस तिथे अजून बसलाय.

"टर्बो विमान" असं मोघम लिहू नका हां. टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइननं पंखा फिरवणारं विमान, ते वेगळं, त्यात पिस्टनच नसतात. आणि आमच्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात ते मोठं सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभंय ना, मुलांना न्याल तेव्हा सांगा, त्याची इंजिनं टर्बो-कंपाउंड, त्यांच्या एक्झॉस्टवरच्या तीन टर्बाइन हवा भरत नाहीत, आपली ताकद सरळ क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला देतात.

राहिला तुमचा शब्द. म्हापशाच्या गॅरेजात जुन्या डिझेल गाडीबद्दल विचारलं तर मेकॅनिक कोंकणीत म्हणतो "टर्बो ना, सादें", म्हंजे टर्बो नाही, साधं. तोच घ्या. पहिल्यांदा "साधं, म्हणजे बिनटर्बोचं इंजिन" असं लिहा, पुढे नुसतं साधं. बिनतारी चालतं तर बिनटर्बो का नाही. कोणी म्हणेल साधं म्हटल्यावर कमी दर्जाचं वाटतं, पण साधी लोकल, साधा डोसा, कोणाला कमी वाटतो? आणि मराठीतल्या "साधं"चा महाप्राण ध कोंकणीत "सादें" होताना अल्पप्राण द होतो, या इंजिनाला याहून फिट शब्द मला तरी सापडला नाही.