शेवंतीला कळी का धरत नाही? आणि वाचकांचे इतर प्रश्न

शेवंतीविषयी येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत सतत भेटते: रोप हिरवेगार आहे, खतपाणी वेळेवर होते, पण फूल नाही. या प्रश्नाचे मूळ बहुतेक वेळा कुंडीत नसते, तरीही लोक ते खताच्या पिशवीत शोधत राहतात. म्हणून या वेळी त्या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिले आहे आणि बाकीच्यांना गरजेपुरते.

प्रश्न : सुकलेल्या फुलांतून बी जमा केले आहे. त्यापासून त्याच रंगाची शेवंती मिळेल का?

नाही. बागेतील शेवंत्या पिढ्यान्‌पिढ्या संकर होत आलेल्या आहेत, त्यामुळे बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे निघते. मूळ रोपासारखेच रोप हवे असेल तर शेंड्याची छाटकलमे करावीत किंवा बुडाशी येणाऱ्या काश्या, म्हणजे मुळांजवळून फुटणारे नवे कोंब, वेगळ्या कराव्यात.

प्रश्न : छाटकलमे दर वेळी कुजतात. कोरफडीचा गर, मध आणि दालचिनीची पूड हे सर्व वापरून पाहिले. काय चुकते?

जे वापरले त्यापेक्षा जे पाहिले नाही ते चुकते. शेवंती ही सहज मुळे धरणारी वनस्पती आहे. तिला स्वयंपाकघरातील कोणत्याही पदार्थाची गरज नाही. मुळे फुटण्यासाठी मिळणारी संप्रेरकाची भुकटी वापरल्यास थोडी मदत होते, पण तीही अनिवार्य नाही. खरा फरक पडतो तो शेंडा कोणता निवडला आणि कलम ज्यात लावले ते माध्यम किती ओले ठेवले यामुळे.

कळी न धरलेल्या, जोमाने वाढणाऱ्या कोवळ्या शेंड्याचा ५ ते ७ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. वाकवल्यावर काडकन मोडणारा शेंडा योग्य. न मोडता नुसता वाकणारा शेंडा बहुधा निबर झालेला असतो आणि मुळे धरायला फार वेळ लावतो. काप स्वच्छ व धारदार पात्याने पेऱ्याच्या लगेच खाली द्यावा, खालच्या अर्ध्या भागातील पाने काढावीत आणि तुकडा धुतलेल्या वाळूत किंवा वाळू मिसळलेल्या कोकोपीटमध्ये लावावा. शेणखत किंवा बागेतील माती या टप्प्यावर नको, कारण कुजवणारी बुरशी बहुतेक वेळा तिथूनच येते. ट्रे उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवावा. माध्यम मुठीत दाबल्यावर पाणी गळत असेल तर ते जास्त ओले आहे. साधारण २ ते ३ आठवड्यांत मुळे येतात. तोवर तुकडे रोज उपटून पाहू नयेत. हलकेच ओढल्यावर तुकडा अडल्यासारखा वाटला की मुळे धरली असे समजावे. एवढी काळजी घेऊनही देठ तळाशी काळा पडत असेल, तर दोष मातृरोपातच असण्याची शक्यता आहे आणि ते रोप जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढची कलमे करू नयेत.

प्रश्न : गॅलरीतील शेवंती दोन हंगाम नुसती पाने धरते आहे. याच रोपाची काशी शेजाऱ्यांना दिली होती, ती त्यांच्या गच्चीवर फुलांनी भरून गेली. दुकानातून फुलोऱ्याचे टॉनिक आणून तीनदा फवारले. खत बदलावे का?

खत बदलू नका, टॉनिक बंद करा आणि संध्याकाळनंतर रोपाजवळ किती उजेड असतो ते आधी पाहा.

शेवंती लहान दिवसांत फुलणारी वनस्पती आहे. दिवसाची लांबी फुलोरा ठरवते, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून १९२० साली मांडले. रोप मोजते ते दिवसाला नव्हे तर सलग अंधाराला, हे पुढच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य उजेड आणि अंधार यांची नोंद ठेवते, आणि रात्र पुरेशी लांब व अखंड असेल तरच शेंड्यात पानाऐवजी कळी घडू लागते. बहुतेक जातींना कळी धरून ती पूर्ण वाढण्यासाठी दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान असावा लागतो. जातीनुसार यात फरक असतो. लवकर फुलणाऱ्या जाती कमी हट्टी असतात, उशिरा फुलणाऱ्या जाती अंधाराच्या बाबतीत अजिबात तडजोड करत नाहीत.

गॅलरीतील दिवा मध्यरात्रीपर्यंत चालू असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल, तर रोपाच्या दृष्टीने दिवस मावळतच नाही. फुलांचा व्यवसाय करणारे उत्पादक याच गुणाचा हुशारीने उपयोग करतात: रोप उंच वाढवायचे असेल तेव्हा मध्यरात्री काही तास दिवे लावून रात्र तोडतात, आणि फूल हवे असेल तेव्हा संध्याकाळपासून काळे कापड ओढतात. हरितगृहात पैसे खर्चून कळी रोखण्यासाठी जे केले जाते, ते आपण गॅलरीत नकळत करत असतो. तुमची काशी शेजाऱ्यांच्या गच्चीवर फुलली, याचा अर्थ जात चांगली आहे आणि जागा चुकीची आहे.

एक खूण जवळून पाहण्यासारखी आहे. अंधार अर्धवट मिळाला की शेंड्यावर कधी कधी एकटीच बटणासारखी कळी बनते, तिच्या लगेच खाली पट्टीसारखी अरुंद पाने येतात आणि कळी महिनाभर तशीच घट्ट राहते. दरम्यान तिच्या बाजूने पानांचे कोंब पुढे निघून जातात. अशी कळी दिसली की रात्र कुठेतरी तुटते आहे असा दाट संशय घ्यावा. रात्री कुंडीजवळ उभे राहून छापील मजकूर वाचता येत असेल, तर तेवढा उजेड शेवंतीला अडचणीचा ठरू शकतो. चांदण्याची मात्र भीती नाही. ते फारच मंद असते.

उपाय सोपा आहे: दिवा बंद करा किंवा कुंडी हलवा. दोन्ही शक्य नसेल तर दिवस लहान होऊ लागल्यावर रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास रोपावर जाड पुठ्ठ्याचे खोके किंवा गडद कापड घालावे आणि सकाळी आठला काढावे. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे रोज करावे लागते. मधल्या चार रात्री विसरल्या तर फुलोरा लांबतो. आच्छादनाखाली उष्णता साठू देऊ नये, कारण रात्रीच्या तीव्र उष्म्यानेही कळी मागे पडते. दिवसा मात्र रोपाला भरपूर ऊन हवे. अंधार हवा म्हणून कुंडी कायमची सावलीत नेणारेही अनेक आहेत. त्याने रोप किडकिडीत होते, फुलत नाही.

टॉनिकाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. ज्या बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले नाही, ती विकत घेऊ नये. हंगाम हुकलेल्या माणसाच्या घाईवर या बाटल्या विकल्या जातात. कोणतेही पोषक द्रव्य अंधाराची जागा घेऊ शकत नाही, आणि नत्राचा अतिरेक झाल्यास रोप आणखी पानोळे होते. दुसरी खंत अशी की ही पत्रे हंगाम सरत आल्यावर येतात, जेव्हा सांगण्यासारखे काही उरलेले नसते. रात्रींची लांबी वाढू लागण्यापूर्वी प्रश्न विचारावा. उजेडाची व्यवस्था सुधारूनही कळी धरली नाही, तर रोपाची छायाचित्रे आणि खतांची नोंद घेऊन उद्यानविद्येच्या तज्ज्ञाला भेटावे.

प्रश्न : शेंडा किती वेळा खुडावा?

लावणीनंतर ३ ते ४ आठवड्यांनी एकदा, आणि बाजूच्या फांद्या बोटभर वाढल्यावर हवे असल्यास पुन्हा एकदा. दिवस लहान होऊ लागले की थांबावे, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात.

प्रश्न : फुले संपली. रोप उपटून टाकावे का?

नाही. जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून छाटावे, पाणी कमी करावे आणि काश्यांची वाट पाहावी. काशी वेगळी करताना ती जुन्या बुंध्याच्या मधल्या काष्ठासारख्या भागातून न घेता कडेची, स्वतःची मुळे असलेली घ्यावी.

प्रश्न : विकत आणलेले रोप गोल, बुटके आणि दाट होते. पुढच्या वर्षी तेच कमरेइतके उंच आणि विरळ झाले. फसवणूक झाली का?

रोप तेच आहे, त्याच्यावर झालेले संस्कार वेगळे होते. विक्रीच्या कुंडीत बहुधा एक रोप नसते, चार-पाच कलमे एकत्र लावलेली असतात, आणि उंची रोखण्यासाठी डॅमिनोझाइडसारखी वाढरोधके वापरलेली असू शकतात. त्यांचा परिणाम ओसरला की जात आपल्या मूळ उंचीवर जाते. हे विकताना सांगायला हवे आणि क्वचितच कोणी सांगते. वाढरोधके घरी वापरू नयेत. शेंडा खुडून आणि काठीचा आधार देऊन काम भागते. ठेंगणीच शेवंती हवी असेल, तर मुळातच बुटक्या असलेल्या जातीविषयी जाणकाराला विचारूनच रोप घ्यावे.

प्रश्न : खालची पाने काळी पडून वाळतात आणि तो प्रकार वर चढत जातो. कोणी आंबट ताक, तर कोणी खाण्याचा सोडा फवारायला सांगितले. याच रोपाच्या काश्या मैत्रिणींना द्यायच्या आहेत.

काश्या देऊ नका. बाकीचे उत्तर त्यानंतरचे आहे.

पान उजेडासमोर धरून पाहा. डाग गोलसर असून त्यांत बारीक काळे बिंदू दिसत असतील तर बुरशीजन्य ठिपक्यांची शक्यता आहे. डाग शिरांनी आखल्यासारखे कोनदार असतील, म्हणजे एका शिरेपाशी तपकिरी रंग एकदम थांबून पलीकडे पान हिरवे असेल, तर पानांतील सूत्रकृमींचा, म्हणजे धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींचा, संशय घ्यावा. हे सूत्रकृमी ओल्या खोडावरील पाण्याच्या पातळ थरातून वर सरकतात, म्हणून रोग खालून वर चढतो. ताक किंवा सोडा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. बाधित पाने काढून बंद पिशवीत टाकावीत, खतखड्ड्यात नव्हे, आणि पाणी झारीने पानांवर न ओतता बुडाशी द्यावे.

हौशी लोकांमध्ये कलमे ज्या मोकळेपणाने दिली-घेतली जातात, त्याच मोकळेपणाने रोगही पसरतात. शेवंतीत रोप खुजे ठेवणारा एक विरॉइड, म्हणजे विषाणूपेक्षाही लहान रोगकारक, आहे. तो पात्याला लागलेल्या रसातून एका रोपातून दुसऱ्यात जातो आणि बाधित रोपाला बागेत कोणताही इलाज नाही. नेमके निदान प्रयोगशाळेतच होते. एक बाधित फांदी कोरड्या कागदात गुंडाळून वनस्पतिरोगतज्ज्ञाकडे न्या आणि त्यांनी सांगेपर्यंत काहीही फवारू नका.

प्रश्न : शेवंती लावल्याने डास येत नाहीत असे ऐकले. पण रोप हाताळल्यावर मनगटावर पुरळ उठते, आणि काल मांजराने तिची पाने चघळली.

डासांची गोष्ट खरी नाही. पायरेथ्रम हे कीटकनाशक शेवंतीच्या नात्यातील एका वेगळ्या वनस्पतीच्या वाळवलेल्या फुलांपासून काढतात. कुंडीतील शेवंती डास हाकलत नाही.

पुरळ मात्र गांभीर्याने घ्यावे. शेवंतीच्या पानांतील आणि खोडातील काही द्रव्यांनी त्वचेला अ‍ॅलर्जी होते आणि संपर्क चालू राहिला तर ती वाढत जाते. लांब बाह्या व हातमोजे वापरा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मांजर-कुत्र्यांना ही वनस्पती बाधते: लाळ गळणे, उलटी, जुलाब, तोल जाणे ही लक्षणे दिसू शकतात. पत्राच्या उत्तराची वाट न पाहता आजच पशुवैद्यांना फोन करा, आणि मांजराला नेताना चघळलेली फांदीही सोबत न्या.