शंकासमाधान : जमिनीत बुडणारी वाट आणि गटांमधल्या फटी

या वेळचे सगळे प्रश्न क्यूजीआयएस या मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअरचे आहेत. मेनूंची नावे पडद्यावर दिसतात तशीच, फक्त देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : राजगड-तोरणा भागाची एसआरटीएमची (अंतराळयानातल्या रडारने केलेल्या मोजणीची) उंचीची फाइल (एन१८ई०७३) उतरवून घेतली. हिलशेड (उतारांच्या छायाप्रकाशाचे चित्र) लावले की कोळसा आणि चुना एकत्र सांडल्यासारखे दिसते. थ्रीडी खिडकीत तर डोंगर येतच नाहीत. फाइल खराब आहे का?

उत्तर : फाइल चांगलीच असणार. घोळ एककांचा आहे. या फाइलीत आडवी मापे अंशांत आहेत आणि उंची मीटरमध्ये. राजगडाचा माथा तेराशे मीटरच्या वर आणि एका पिक्सेलची रुंदी ०.०००२८ अंश. सॉफ्टवेअर दोन्ही आकडे एकाच मापाचे धरते, त्यामुळे प्रत्येक उतार त्याला भिंतीसारखा उभा वाटतो. थ्रीडी खिडकीलाही अनेक आवृत्त्यांत अंशांतला प्रोजेक्ट चालत नाही.

रास्टर मेनूतल्या प्रोजेक्शन्समध्ये 'वॉर्प' उघडा. टार्गेट सीआरएस (नकाशाची मापपद्धत) ईपीएसजी:३२६४३ द्या, तिच्यात आडवी मापेही मीटरमध्ये असतात. रिझोल्यूशन ३०, आणि रिसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलची किंमत काढायची रीत) 'बायलिनियर' किंवा 'क्युबिक'. तिथे 'निअरेस्ट नेबर' आधीपासून निवडलेले असते. ते तसेच राहू दिले तर हिलशेडवर आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात. मग खाली उजव्या कोपऱ्यातून प्रोजेक्टचा सीआरएसही ३२६४३ करा. हे विसरणारे फार. (७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर-गोंदियाकडे, ३२६४४ घ्यायचा.)

आता थ्रीडी खिडकीच्या सेटिंग्जमधल्या 'टेरेन'मध्ये प्रकार 'डीईएम' (उंचीची फाइल) करा आणि नवी फाइल निवडा. डोंगर ठोकळ्यांचे दिसले तर 'टाइल रिझोल्यूशन' १६ वरून ३२ करा. ६४ ला साधा लॅपटॉप धापा टाकतो. तुकड्यांच्या सांध्यांत फटी दिसल्या तर 'स्कर्ट हाइट' वाढवा. 'व्हर्टिकल स्केल' दीडच्या वर नेऊ नये असे आमचे मत. सह्याद्रीला फुगवण्याची गरज नाही. मात्र कोकणकड्यासारखा सरळ तुटलेला कडा या फाइलीत उतारासारखाच दिसेल. ही मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातल्या रडारने झाली आणि तिचा एक पिक्सेल सुमारे ३० मीटरचा आहे. त्यात कड्याची धार मावत नाही, आणि कुठलीही सेटिंग ती परत आणत नाही.

प्रश्न : उपग्रहचित्रावरून गडाची वाट आखली. थ्रीडीत ती मध्येच जमिनीत शिरते आणि पुढे बाहेर येते. फोनवर नोंदवलेली वाट तर पूर्णच गायब.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आखलेल्या रेषेला उंची मिळते ती फक्त तिच्या व्हर्टेक्सवर, म्हणजे आखताना क्लिक केलेल्या बिंदूंवर. दोन व्हर्टेक्समध्ये २०० मीटर अंतर असेल तर रेषा दोरीसारखी सरळ ताणली जाते आणि मधला उंचवटा तिला गिळतो. प्रोसेसिंग टूलबॉक्समधले 'डेन्सिफाय बाय इंटर्व्हल' २० मीटरवर चालवा, म्हणजे मध्ये जास्तीचे व्हर्टेक्स येतील. मग लेयरच्या (नकाशाच्या थराच्या) थ्रीडी गुणधर्मांत 'क्लॅम्पिंग' (उंची कशापासून धरायची) रिलेटिव्ह म्हणजे जमिनीपासून, 'बाइंडिंग' (जमिनीची उंची कुठे घ्यायची) व्हर्टेक्स आणि उंची ५ मीटर ठेवा. बाइंडिंग 'सेंट्रॉइड'वर (मध्यबिंदूवर) असेल तर सगळी रेषा एकाच उंचीवर तरंगते.

फोनची वाट दिसत नाही, कारण बहुधा तिचे क्लॅम्पिंग 'ॲब्सोल्यूट' आहे, म्हणजे जमीन न पाहता फाइलीतलीच उंची धरली जाते. जीपीएक्सची (फोनने वाट नोंदवलेल्या फाइलीची) रेषा उंचीशिवाय आत आली असेल तर ती शून्य मीटरवर, म्हणजे डोंगराच्या पोटात असते. उंचीसह आली तरी निश्चिंत होऊ नका. काही फोन समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची देतात. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे, त्यामुळे वाट तेवढीच बुडते. क्लॅम्पिंग 'टेरेन' केले की सुटलात.

प्रश्न : संपादनाची पेन्सिल पुसट आहे, दाबली जात नाही.

उत्तर : लेयर सीएसव्ही (साधा मजकुरी तक्ता), जीपीएक्स किंवा झिपमधून थेट उघडलेली शेपफाइल (नकाशाच्या फाइलींचा जुना प्रकार) असणार. त्या बहुधा फक्त वाचता येतात. लेयरवर उजवी क्लिक, 'एक्सपोर्ट', आणि प्रकार जिओपॅकेज (नकाशाच्या फाइलींचा नवा प्रकार).

प्रश्न : गावातले गट आखताना शेजारच्या दोन गटांत बारीक फटी राहतात, क्षेत्रफळही सातबाऱ्याशी जुळत नाही.

उत्तर : स्नॅपिंगच्या (नवा बिंदू जुन्या हद्दीला चिकटवण्याच्या) पट्टीवरचा लोहचुंबक चालू करा, व्हर्टेक्स आणि सेगमेंट (दोन व्हर्टेक्समधली रेषा) दोन्ही निवडा, टॉलरन्स (किती अंतरावरून चिकटायचे) १२ पिक्सेल. टॉलरन्स मीटरमध्ये दिला तर लहानसा बांधही गिळला जातो. पिक्सेलमध्ये असेल तर झूम करून नेमकेपणा आणता येतो. 'टोपोलॉजिकल एडिटिंग' चालू ठेवा, नाहीतर व्हर्टेक्स सरकवल्यावर एकाच गटाची हद्द हलते आणि फट तिथेच जन्मते. 'अव्हॉइड ओव्हरलॅप' चालू असेल तर नवा गट शेजाऱ्यावर बेधडक चढवून काढा. चढलेला भाग आपोआप कापला जातो. सामाईक हद्द पुन्हा गिरवत बसणे म्हणजे फटींना आमंत्रण. आधीच झालेल्या फटी 'टोपोलॉजी चेकर'मध्ये 'मस्ट नॉट हॅव गॅप्स' हा नियम लावून शोधा, पण त्याआधी बिघडलेले आकार दुरुस्त करणारे 'फिक्स जिओमेट्रीज' चालवा.

क्षेत्रफळाचे कारण वेगळे. पार्श्वभूमीला उपग्रहचित्र टाकले की प्रोजेक्ट ईपीएसजी:३८५७ या वेब-नकाशांच्या सीआरएसमध्ये जातो आणि नवा लेयरही बहुधा त्यातच बनतो. पुण्याच्या अक्षांशावर ते प्रक्षेपण क्षेत्र सुमारे ११ टक्के फुगवते. ४० आरचा गट साडेचव्वेचाळीस आर दिसतो. लेयर ३२६४३ मध्ये घ्या. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये एलिप्सॉइड डब्ल्यूजीएस ८४ आणि एकक चौरस मीटर ठेवा. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये $ चिन्ह असलेले 'एरिया' वापरून १०० ने भागा, आर मिळतील. उरलेला फरक तुमच्या आखणीचा. उपग्रहचित्रावरून काढलेली हद्द मोजणीच्या नकाशाची जागा घेत नाही.

प्रश्न : शेपफाइलमध्ये 'गट क्रमांक' हे स्तंभाचे नाव तुटते, मजकुराच्या जागी अगम्य चिन्हे येतात.

उत्तर : शेपफाइलच्या स्तंभनावाला १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, ३ बाइट खाते. म्हणजे 'गट' मावते, 'क्रमांक' नाही. मजकुरासाठी लेयर प्रॉपर्टीजच्या 'सोर्स'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, आणि फाइल कुणाला देताना एन्कोडिंग सांगणारी .सीपीजी जोडफाइलही द्या. त्यापेक्षा जिओपॅकेज वापरा, त्यात ही मर्यादा नाही. फक्त क्यूजीआयएस उघडे असताना जिओपॅकेजची प्रत काढू नका: ताजे बदल शेजारच्या -वॉल फाइलमध्ये असू शकतात, आणि एकटी मुख्य फाइल पेनड्राइव्हवर नेली तर ते मागेच राहतात.